डोंगर संपल्यावर कुठे जायचे? प्रजातींच्या स्थलांतराची पार्श्वभूमी

शिवनेरीच्या कड्यावर, जेमतेम माती साठणाऱ्या कपारींत, शिंदळ माकुडी ही जाड पानांची छोटी वनस्पती वाढते. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे मोजके कडे सोडले तर ती जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०२० मध्ये सिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. उष्णता वाढली की डोंगरावरच्या अनेक प्रजाती थंड उंचीकडे सरकतात, असे जगभरच्या नोंदी दाखवतात. मात्र कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखरही १६४६ मीटरवर संपते. अशा वेळी माणसाने प्रजातींना उचलून दुसरीकडे न्यावे का, हा वाद जगात कसा उभा राहिला, हे आपण नीट समजून घ्यायला हवे.

जीव वाचवण्यासाठी त्यांची जागा बदलण्याचा विचार हवामानबदलाच्या चर्चेहून कितीतरी जुना आहे. न्यूझीलंडमध्ये १८९४ पासून रिचर्ड हेन्री यांनी काकापो आणि किवी हे न उडणारे पक्षी शेकड्यांनी रेझोल्यूशन बेटावर नेले, कारण मुख्य भूमीवर स्टोट हा मुंगसासारखा शिकारी प्राणी त्यांचा फडशा पाडत होता. काही वर्षांतच तो प्राणी पोहत त्या बेटावरही पोहोचला आणि एका माणसाचे अफाट कष्ट वाया गेले. भारतात १९५७ मध्ये गीरचे तीन सिंह उत्तर प्रदेशातल्या चंद्रप्रभा अभयारण्यात सोडले गेले. त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली आणि १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर ते दिसेनासे झाले. दोन्ही ठिकाणी प्राणी नव्या जागी पोहोचवणे जमले, पण ती जागा पुढे सुरक्षित ठेवणे जमले नाही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे, आणि तोच वारंवार विसरला गेला आहे.

हवामानाचा मुद्दा १९८५ मध्ये पुढे आला. रॉबर्ट पीटर्स आणि जोआन डार्लिंग या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिले की अभयारण्याची सीमा नकाशावर स्थिर असते, पण ज्या हवामानाच्या भरवशावर ती आखली जाते ते हवामान तिथून सरकू शकते. तोवर स्थलांतर म्हणजे प्रामुख्याने प्रजातीला तिच्या जुन्या घरी परत नेणे असा अर्थ होता. आता ती जिथे कधीच नव्हती तिथे तिला नेण्याची भाषा सुरू झाली. इंग्लंडमध्ये १९९९ आणि २००० साली हवामानाच्या प्रतिमानांच्या (गणिती अंदाजांच्या) आधारे दोन जातींची फुलपाखरे त्यांच्या उत्तर सीमेपलीकडे, एक सुमारे ६५ आणि दुसरी सुमारे ३५ किलोमीटरवर, सोडण्यात आली आणि पुढली अनेक वर्षे ती तिथे टिकून राहिली. अमेरिकेत २००८ मध्ये नागरिकांच्या एका गटाने फ्लोरिडातल्या नामशेष होऊ घातलेल्या टोरेया वृक्षाची रोपे नॉर्थ कॅरोलिनात खासगी जमिनीवर लावली, तेव्हा कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या अभ्यासावर हे करायचे, असा प्रश्न तीव्रतेने विचारला गेला.

त्याच वर्षी ओवे हॉग-गुल्डबर्ग हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोखीम तोलून प्रजाती हलवण्याची चौकट मांडली. पुढच्याच वर्षी अँथनी रिकार्डी आणि डॅनियल सिम्बरलॉफ या परकीय प्रजातींच्या अभ्यासकांनी तिला ठाम विरोध केला. नव्या प्रदेशात आलेला जीव तिथे काय उत्पात घडवेल हे आधी सांगता येत नाही, हा त्यांचा मुद्दा पुणेकरांना पटायला जड जाऊ नये. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात या सद्हेतूनेच मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प आपल्याकडे लावले गेले, आणि आज त्याच्या दाटीत स्थानिक झाडाझुडपांना जागा मिळणे अवघड झाले आहे. घाणेरी तर शोभेसाठी आणली गेली होती.

दुसऱ्या बाजूचे वास्तवही तितकेच कठोर आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के या चिमुकल्या बेटावर राहणारा मेलोमिस हा उंदीर समुद्राच्या वाढत्या पाण्याने नामशेष झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्याला हलवण्याचा निर्णय वेळेत झालाच नाही. त्याच वर्षी त्याच देशाच्या पश्चिमेला, आटत चाललेल्या पाणथळींतल्या दुर्मिळ कासवांची पिल्ले दक्षिणेकडच्या अधिक ओल्या प्रदेशात प्रायोगिकरीत्या सोडण्यात आली. दरम्यान आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ क्षेत्राबाहेरच्या स्थलांतराला जागा दिली, पण जोखमीच्या काटेकोर मूल्यमापनाची अट घालून. अमेरिकेनेही २०२३ मध्ये आपले नियम त्या दिशेने बदलले.

सह्याद्रीत या मार्गाचा विचार करताना मला क्रम महत्त्वाचा वाटतो. भीमाशंकरचा शेकरू फांद्याफांद्यांवरून फिरतो. जंगलाचे छत जिथे तुटते तिथे त्याची वाट संपते, आणि अशा प्रजातीला उचलून नेण्याआधी ते छत जोडणे अधिक स्वस्त आणि अधिक सुरक्षित आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या देवराया या जोडणीतल्या टप्प्यांचे काम करू शकतात, म्हणून त्या राखणे हेही हवामानबदलाला दिलेले उत्तरच आहे. कड्यांवरच्या आणि सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच आढळणाऱ्या, वनस्पतींना मात्र ही वाट उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी रोपे आणि बियाणे जपून ठेवणे, आणि कोणती वनस्पती कोणत्या कड्यावर, कोणत्या महिन्यात फुलते याच्या नोंदी अद्ययावत ठेवणे, ही तयारी आजच करावी लागेल. आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र यांच्या वनस्पतीसंग्रहांत अशा जुन्या नोंदी पुण्यातच उपलब्ध आहेत, आणि पुढे कधी एखादी प्रजाती हलवायचे ठरलेच तर त्या निर्णयाची तपासणी त्यांच्यापासूनच सुरू करावी लागेल.