जपान लान

मणिपुरी भाषेत ‘लान’ म्हणजे लढाई. १९३९ साली मणिपूरच्या बायकांनी केलेलं आंदोलन ‘नुपी लान’ आणि पाच वर्षांनी दारात येऊन ठेपलेलं महायुद्ध ‘जपान लान’. ब्रिटिशांच्या लेखी तीच इम्फाळ-कोहिमाची लढाई, जपानी कागदपत्रांत ‘ऊ-गो’ मोहीम, आझाद हिंद सेनेसाठी ‘चलो दिल्ली’. इम्फाळ ते कोहिमा प्रवासात दिसणारी स्मारकं यातल्या कुठल्या ना कुठल्या नावाची असतात.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या तामू गावाकडून मणिपुरात उतरले. १० मे १९४२ ला इम्फाळवर बॉम्ब पडले. पुढच्या दोन वर्षांत इम्फाळचं खोरं म्हणजे एक भलीमोठी छावणी झालं: धावपट्ट्या, कोठारं, आणि दिमापूरच्या रेल्वेपासून कोहिमामार्गे येणारा रसदीचा एकच रस्ता. मार्च १९४४ मध्ये जपानी जनरल मुतागुची यांच्या फौजा ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आल्या त्या जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेऊन. बाकीचं ब्रिटिशांच्या कोठारांतून मिळवायचं, असा हिशेब. तो चुकला आणि पावसाळ्यात गोळ्यांपेक्षा भूक आणि रोगराईने जास्त माणसं मारली.

मराठी माणसाने वाट वाकडी करून जावं असं ठिकाण म्हणजे मणिपूरच्या उखरुल भागातलं सांगशाक. या तांगखुल नागा गावातल्या टेकडीवर ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना अडवलं. त्यांच्यासोबत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. टेकडीवर पाणी नाही, खडकात खंदक खोल जाईनात, विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूकडेच पडायची. चर्चच्या आवारात हातघाईची लढाई झाली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, पण तोवर कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस वाया गेले होते. एवढं असून आपल्याकडे या गावाचं नाव क्वचितच ऐकू येतं.

कोहिमात एप्रिलमध्ये उपायुक्तांच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना दोन सैन्यं होती. २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी इम्फाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला. आज त्या कोर्टाच्या रेषा युद्ध-दफनभूमीत आखलेल्या दिसतात. तिथे १,४२० कबरी आहेत आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे. मणिपुरातल्या मोइरांगची गोष्ट निराळी. १४ एप्रिल १९४४ ला कर्नल शौकत मलिक यांनी तिथे आझाद हिंदचा तिरंगा फडकवला. आझाद हिंद सेनेचं सिंगापूरचं जे स्मारक ब्रिटिशांनी १९४५ मध्ये पाडलं, त्याची प्रतिकृती आता तिथे उभी आहे.

प्रत्येकाने आपापले मेलेले मोजले. ज्यांची घरं जळली, ज्यांनी ओझी वाहिली, जे पोराबाळांसह रानात लपले, त्यांच्यासाठी स्मारकाचा दगड सहसा सापडत नाही. त्यांची लढाई घराघरांत सांगितली गेली. इम्फाळजवळच्या ‘रेड हिल’ या टेकडीच्या पायथ्याशी २०१९ मध्ये शांतता संग्रहालय उघडलं, तेव्हा या आठवणींना थोडं छप्पर मिळालं.

मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार उसळला. तेव्हापासून इम्फाळ-कोहिमा रस्ता सलग पार करता येईलच असं नाही. निघण्याआधी परिस्थितीची चौकशी करावी, आणि इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना लागणारा प्रवेश परवाना) मणिपूर आणि नागालँड (कोहिमा तिथे आहे) या दोन्ही राज्यांचं लागतं.