उकळत्या पाण्याचे ८५ अंश

भट्टी असो, कोल्ड स्टोरेज असो की सोलर ड्रायर, सात-आठ ठिकाणचं तापमान एकदम नोंदवायचं तर थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारा एका छोट्या डब्यात आणतात आणि डब्यातून नेटवर्क केबल कॉम्प्युटरला जाते. हा डबा म्हणजे इथरनेट डॅक, म्हणजे मोजमापं गोळा करून नेटवर्कवरून पाठवणारं उपकरण (डेटा अ‍ॅक्विझिशन). इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, त्यामुळे मशीन शेडमध्ये आणि कॉम्प्युटर ऑफिसात ठेवता येतो.

पहिली अडचण ठरलेली. पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय आणि सॉफ्टवेअर सांगतंय, डिव्हाइस सापडलं नाही. दिव्यावरून तार जुळल्याचं तेवढं कळतं. डबा थेट लॅपटॉपला जोडला की नेटवर्कवरचे पत्ते (आयपी अ‍ॅड्रेस) ठरवून देणारा राउटर मध्ये नसतो. मग लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतो. डब्याचा पत्ता मात्र कारखान्यातूनच ठरलेला, समजा १९२.१६८.१.१००. एकाच तारेवर असून दोघं एकमेकांना परके! लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये हाताने १९२.१६८.१.५० लिहायचं आणि सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग दोघांत सारखा हवा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ठेवायचा. पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा. मग पिंग करून, म्हणजे डब्याला नेटवर्कवरून हाक मारून बघायचं. उत्तर येतंय, तरी सॉफ्टवेअरला डबा दिसत नाही, असं झालं तर बहुधा फायरवॉल (अनोळखी नेटवर्क जोडण्या अडवणारा कॉम्प्युटरमधला पहारेकरी) आडवी आलेली असते. ती पूर्ण बंद करू नका, त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्या.

स्क्रीनवर आकडे आले की जोडणी झाली असं सगळे समजतात. माझ्या मते खरं काम तिथून पुढे आहे. थर्मोकपल थेट तापमान सांगतच नाही. दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या टोकांना तापमानाचा फरक मिळाला की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. धातूंच्या जोडीनुसार थर्मोकपलचे के, जे असे प्रकार असतात; के प्रकारात अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. त्यावरून अंश काढायचे तर तारा स्क्रूखाली बसतात तिथलं तापमान लागतं, ते डबा आतल्या सेन्सरने मोजतो. तारांचा प्रकार मात्र आपणच सांगायचा असतो.

एकदा माझ्याकडून के प्रकारची तार लावून सेटिंग जे प्रकारचं राहिलं. खोलीत ३० अंश, भांड्यात पाणी खळखळ उकळतंय आणि स्क्रीनवर जेमतेम ८५. आलेख अगदी गुळगुळीत, एकही नोंद गळलेली नाही. नेटवर्क चुकीचा आकडाही तितक्याच इमानाने पोचवतं.

तेव्हापासून मी आधी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून त्यात टोक बुडवतो. शून्याच्या दोनेक अंश इकडेतिकडे चालतं. त्या दिवशी हे केलं असतं तर तिथेच सहा-सात अंश दिसले असते. मग एकेक टोक चिमटीत धरायचं आणि कोणती रेघ वर जाते ते बघायचं. तीन नंबरची तार धरली आणि पाचची रेघ चढली, तर लेबल त्याच क्षणी बदलायचं. शेडमध्ये तारा एकदा बांधल्या की कोणती कुठली, ते शोधायला दिवस जातो.