संशोधन-स्वक्षमता आणि प्रकाशन-उत्पादकता

संशोधनातले एखादे ठरावीक काम आपल्याला जमेल, हा विद्यापीठीय अध्यापकाचा भरवसा म्हणजे संशोधन-स्वक्षमता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या सिद्धांतातून ही संकल्पना पुढे आली. ‘मी हुशार आहे’ ही भावना वेगळी. स्वक्षमता कामागणिक बदलते: आकडेवारीचे किचकट विश्लेषण सहज करणारी व्यक्ती प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदापाशीच अडते. त्यामुळे ती मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत विषयनिवड, आराखडा, विश्लेषण, लेखन यांबद्दल वेगवेगळे विचारले जाते.

बंडुरांच्या मते हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतःचे यश, आपल्यासारख्यांचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शारीरिक-भावनिक अवस्था. यांत पहिली वाट सर्वांत बळकट. छापून आलेला पहिला शोधनिबंध दहा कार्यशाळांना भारी पडतो, तो यामुळेच.

भरवशातला फरक उघडा पडतो तो नियतकालिकाच्या संपादकाचे पत्र आल्यावर. ‘मोठे बदल करून पुन्हा पाठवा’, सोबत समीक्षकांचे तीन पाने शेरे. एक जण शेऱ्यांना क्रमांक देतो, प्रत्येकाखाली उत्तर लिहितो आणि निबंध परत धाडतो. दुसरा त्यालाच नकार समजतो. फाइल मिटते ती मिटतेच. दोघांचे संशोधन तोडीस तोड असू शकते, पण प्रकाशनांच्या यादीत एकाचेच दिसते.

प्रकाशन-उत्पादकतेची, म्हणजे कोण किती निबंध छापतो याची, वाटणी मुळातच विषम असते. संख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ मध्ये दाखवलेल्या नियमानुसार एकच निबंध लिहिणारे १०० असतील, तर दोन लिहिणारे सुमारे २५ आणि तीन लिहिणारे सुमारे ११ भरतात. ज्याचे नाव झाले त्यालाच आणखी श्रेय मिळत जाते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये याला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले.

स्वक्षमता आणि निबंधसंख्या यांचा संबंध सर्वेक्षणांत बहुधा धन आढळतो, म्हणजे एक जास्त तिथे दुसरेही जास्त. पण भरवशामुळे निबंध होतात की निबंधांमुळे भरवसा येतो, हे एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून ठरत नाही. दोन्ही एकमेकांना वाढवतात, असे मानणे अधिक सयुक्तिक. शिवाय तासिकांचा भार, निधी आणि सहलेखक यांचे वजन असतेच. आठवडाभर वर्ग आणि उत्तरपत्रिका यांत बुडालेल्याला आत्मविश्वासाचे व्याख्यान देणे ही थट्टाच. निबंधसंख्येचा मापदंडही सर्वत्र सारखा लागू पडत नाही: प्रयोगशाळेतला गट वर्षाला अनेक निबंध काढतो, तर इतिहासकाराची पाच वर्षे एका ग्रंथात जातात.