रुबेलाची लस: जिवंत विषाणूपासून वाहक विषाणूपर्यंत

१९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं एकामागून एक येऊ लागली. आयांच्या बोलण्यातून धागा सापडला. गरोदरपणाच्या सुरुवातीला बहुतेकींना जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, होऊन गेला होता. तोवर हा दोन-तीन दिवसांच्या पुरळाचा किरकोळ आजार समजला जाई.

विषाणू हाती लागायला १९६२ उजाडलं. १९६४-६५च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे वीस हजार बाळं जन्मजात दोष घेऊन आली आणि लशीची घाई झाली. सुरुवातीच्या लशींपैकी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेली एक लस सांधेदुखीपायी मागे घ्यावी लागली. टिकली ती स्टॅन्ली प्लॉटकिन यांची आरए २७/३. तिची जन्मकथा नावातच आहे: रुबेलाबाधित गर्भांपैकी सत्ताविसावा, त्यातल्या ऊतीचा तिसरा नमुना. मानवी पेशींत, थंड तापमानाला वाढवत वाढवत तो विषाणू नरम केला गेला.

लस उत्तमच; एका डोसात बहुतेकांना संरक्षण मिळतं. पण ती जिवंत. म्हणून जिच्या पोटातलं बाळ वाचवायचं, तिलाच गरोदरपणात ती देत नाहीत. (नजरचुकीने दिली गेली तेव्हा बाळांत रुबेलाचे जन्मजात दोष दिसले नाहीत, हेही सांगायला हवं.) प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे चौथाई जणींचे सांधे काही दिवस दुखतात. जन्मतःच प्रतिकारशक्ती कमी असलेल्या काही मुलांच्या त्वचेवरच्या गाठींत तर लशीतला विषाणू अनेक वर्षांनी सापडला.

वाहक विषाणूची कल्पना इथे मोहात पाडते. रुबेला पूर्ण द्यायचाच कशाला? प्रतिकारशक्ती मुख्यतः ज्याच्यावर नेम धरते त्या, रुबेलाच्या पृष्ठभागावरच्या ई१ प्रथिनाचा जनुक दुसऱ्या विषाणूवर चढवायचा. परका जनुक असा वाहून नेता येतो, हे देवीच्या लशीतल्या विषाणूवर १९८२मध्येच दिसलं होतं.

पण वाहकालाही स्वतःचा स्वभाव असतो. शरीरात वाढणाऱ्या वाहकावर बेतलेल्या इबोला लशीच्या चाचणीत जिनिव्हात काही जणांचे सांधे दुखले आणि २०१४च्या अखेरीस चाचणी काही काळ थांबवली गेली. पुन्हा सांधेच! म्हणून माणसात जवळजवळ न वाढणारे वाहक पुढे आले. त्यातला एक, देवीच्या लशीचाच विषाणू, कोंबडीच्या भ्रूणपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून असा केला होता. मात्र वाहक जितका गरीब, तितके डोस वाढण्याची शक्यता, आणि तुलना एका डोसात काम करणाऱ्या आरए २७/३शी. वाहक विषाणूवरची रुबेला लस अजून वापरात आलेली नाही.