स्मृतिभ्रंशातील कौटुंबिक काळजीवाहकांना साहाय्य

अल्झायमर व तत्सम विकारांमुळे वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घरी, विनामोबदला शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकास माहिती, प्रशिक्षण, समुपदेशन, विसावा किंवा आर्थिक मदत पुरविण्याची संघटित व्यवस्था. ब्यूरोमार्फत येणाऱ्या पगारी मावशी-मामांचा व परिचारिकांचा समावेश येथे केलेला नाही. भारतात ही शुश्रूषा बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते. महाराष्ट्रातील काही स्वमदत गटांत काळजीवाहकास ‘शुभंकर’ व रुग्णास ‘शुभार्थी’ म्हणण्याचा प्रघात आहे.

उगम : या चळवळीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार तो ब्रिटनमध्ये झाला. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी धर्मोपदेशिकेचे काम सोडलेल्या मेरी वेब्स्टर यांनी १९६३ मध्ये वृत्तपत्रांतून अविवाहित मुलींच्या हालअपेष्टांकडे लक्ष वेधले आणि त्यातून १९६५ मध्ये अशा स्त्रियांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. मात्र या परिषदेचा रोख वृद्ध व आजारी पालक सांभाळणाऱ्या एकट्या स्त्रीवर होता. पालकाचा आजार कोणता, हा प्रश्न तेथे गौण होता. विवाहित स्त्रिया तर दीर्घकाळ या विचाराच्या परिघाबाहेरच राहिल्या. ब्रिटनमध्ये १९७६ पासून सुरू झालेला काळजीवाहक-भत्ताही त्यांना १९८६ पर्यंत नाकारला जात होता. घरच्या माणसाची सेवा हे पत्नीचे कर्तव्यच, असे त्यामागील गृहीतक होते.

दुसरे मत स्मृतिभ्रंशापुरते मर्यादित आहे. १९७८ ते १९८० च्या सुमारास कॅनडा, ब्रिटन, अमेरिका व जपान (क्योटो) येथे रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटना जवळजवळ एकाच वेळी स्थापन झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ बनला. या नोंदीच्या विषयापुरते हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. भारतात ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था केरळात १९९२ मध्ये स्थापन झाली.

भाराची संकल्पना व मापन : ‘कुटुंबावरील भार’ ही कल्पना मनोरुग्णांच्या अभ्यासातून आली. दीर्घकालीन मनोरुग्णांना रुग्णालयाऐवजी घरी ठेवण्याचे धोरण ब्रिटनमध्ये रुजू लागले, तेव्हा घरच्यांवर त्याचा काय परिणाम होतो हे ग्रॅड व सेन्सबरी यांनी १९६३ मध्ये तपासले. पुढे १९६६ मध्ये होनिग व हॅमिल्टन यांनी वस्तुनिष्ठ भार (गमावलेले उत्पन्न, मोडलेली झोप, विस्कटलेला दिनक्रम) आणि व्यक्तिनिष्ठ भार (काळजीवाहकाला स्वतःला वाटणारा ताण) असा भेद केला. हा भेद आजही वापरात आहे. भारतात पै व कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबभाराची मुलाखत-अनुसूची प्रसिद्ध केली. परंतु तीही मनोविकारांसाठी होती.

स्मृतिभ्रंशासाठी सर्वाधिक प्रचलित मापनी झॅरिट यांची. १९८० मधील मूळ मापनीत २९ प्रश्न होते. नंतर ते २२ करण्यात आले. प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण, म्हणजे कमाल ८८. मूळ अभ्यासात २९ काळजीवाहक होते आणि त्याचा निष्कर्ष अनपेक्षित ठरला : आजार किती बळावला आहे याच्याशी भाराचा लक्षणीय संबंध आढळला नाही, इतर नातेवाईक किती वेळा भेटीस येतात, याच्याशी तो आढळला. नमुना अगदी लहान असल्याने यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. तथापि साहाय्याचा रोख रुग्णाच्या लक्षणांपलीकडे, घरातील माणसांच्या परस्परसंबंधांकडेही असावा, या विचारास तेथूनच बळ मिळाले असावे.

मापनीतील काही प्रश्न भारतीय घरांत अवघड ठरतात. ‘ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर सोपवावी असे वाटते का?’ हे सासू शेजारच्या खाटेवर असताना सुनेला विचारल्यास मिळणारे उत्तर फारसे विश्वसनीय नसते.

परिणामकारकता : न्यूयॉर्क विद्यापीठात १९८७ पासून मिटलमन व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पती-पत्नींना वैयक्तिक व कौटुंबिक समुपदेशन, गटबैठका आणि गरजेनुसार दूरध्वनीवरून सल्ला दिला. ४०६ काळजीवाहकांच्या या अभ्यासात रुग्णास शुश्रूषागृहात (कायमच्या निवासी सेवाकेंद्रात) ठेवण्याची वेळ मध्यकानुसार ५५७ दिवसांनी लांबली, असा अहवाल २००६ मध्ये आला. जेथे शुश्रूषागृहेच विरळ आहेत, तेथे या निकषाला विशेष अर्थ उरत नाही.

त्यामुळे गोव्यातील चाचणी अधिक महत्त्वाची ठरते. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असूनही लोकसंख्याधारित संशोधनापैकी १० टक्क्यांहून कमी तेथे होते, या विसंगतीवरून ‘१०/६६’ असे नाव घेतलेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाच्या परंपरेतील हे काम. अमित डायस, विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ते २००८ मध्ये प्रसिद्ध केले. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांपैकी ४१ कुटुंबांकडे गृहशुश्रूषा-सल्लागार सहा महिने जात राहिले; उर्वरित ४० कुटुंबांना फक्त माहिती देऊन प्रतीक्षायादीत ठेवले गेले. सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली नेमले होते. आजाराची माहिती, आरडाओरडा, रात्रीची जाग वा भटकणे यांसारखे वर्तन कसे हाताळावे याचे मार्गदर्शन, मानसोपचारतज्ज्ञाकडून एकदा तपासणी व आवश्यक तर औषध असे या साहाय्याचे स्वरूप होते.

काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा त्रास कमी झाला. हे दोन्ही फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होते. झॅरिट मापनीवरील भार, वर्तनलक्षणांची तीव्रता व रुग्णाची दैनंदिन कार्यक्षमता यांतील फरक मात्र लक्षणीय नव्हते. साहाय्य गटात मृत्यू कमी दिसले, पण तोही फरक लक्षणीय नसल्याने त्यावरून अनुमान काढणे धोक्याचे आहे. काही अभ्यासक भार न घटल्याने अशा उपक्रमांकडे साशंकतेने पाहतात. लक्षणे तशीच असताना मन सावरले जाणे हेच साहाय्याचे खरे फलित, हा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

पार्किन्सन व अन्य विकार : असे साहाय्य स्मृतिभ्रंशाखेरीज इतर चेताविकारांतही आढळते. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ आधारकेंद्रे चालविते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ सभा, सहली, घरभेटी व ‘संचारिका’ हा वार्षिक अंक यांतून शुभंकर-शुभार्थी यांना एकत्र आणते. बहुविध स्नायुकाठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) व चेतापेशीविकार (मोटर न्यूरॉन डिसीज) यांत काळजीवाहक पुष्कळदा तरुण जोडीदार असतो आणि नोकरी सुटणे हा प्रश्न तेथे अधिक तीव्र होतो.

कायदा : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या स्मृतिभ्रंशविषयक कृती आराखड्यात सातपैकी एक क्षेत्र काळजीवाहक-साहाय्याचे आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने काळजीवाहकास स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क मिळाला. भारतात पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियम, २००७ अपत्यांवर निर्वाहाचे दायित्व टाकतो. सेवा करणाऱ्यास तो काही देत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत पार्किन्सन व बहुविध स्नायुकाठिण्य नावानिशी आहेत, स्मृतिभ्रंश नाही. कलम २४ मध्ये काळजीवाहक-भत्त्याची तरतूद आहे. पण तो अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीस देय असून शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत योजना आखण्यावर अवलंबून आहे.