मोनोवाय: एका माणसाच्या गावाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मोनोवाय नावाचे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ होती आणि २०२० मध्ये ती २ छापून आली. हा दुसरा माणूस प्रत्यक्षात नव्हताच. त्याचे काय झाले ते पुढे येईल. आधी गाव वसले कसे ते पाहू.

नायोब्रारा आणि मिझुरी नद्यांच्या मधला हा गवताळ प्रदेश. नायोब्राराच्या मुखाजवळ राहणाऱ्या पोंका या मूळनिवासी जमातीच्या लोकांना सरकारने १८७७ मध्ये दक्षिणेला हलवले. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर परत आला, पकडला गेला, आणि १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयाला निकाल द्यावा लागला की इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळनिवासी, हाही कायद्याच्या नजरेत माणूसच आहे. जमीन मात्र गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली होत गेली. १८९१ मध्ये बॉइड काउंटीचा कारभार सुरू झाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याचा साचा सोपा होता: १६० एकर घ्या, पाच वर्षे राहून कसा, मग नावावर करून घ्या.

गाव आणले ते रेल्वेने. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिझुरी व्हॅली कंपनीने १९०२ मध्ये व्हर्डिग्रीहून बोनस्टीलकडे फाटा टाकला आणि त्याच वर्षी मोनोवायला पोस्ट उघडले. दोनच वर्षांनी पलीकडच्या साउथ डकोटा राज्यातल्या रोझबड या मूळनिवासींच्या राखीव भागातल्या जमिनींची सोडत निघाली. सुमारे २,४०० वाट्यांसाठी लाखाहून जास्त लोकांनी नावे नोंदवली आणि त्यासाठी बोनस्टीलला लोकांची रीघ लागली.

या फाट्यावरची गावे कुठे असावीत हे घोड्यांनी ठरवले म्हणायला हरकत नाही. मका भरलेली गाडी स्टेशनवर नेऊन दिवे लागायच्या आत घरी परतायचे, तर स्टेशन फार लांब असून चालत नाही. म्हणून मोनोवायच्या पूर्वेला व्हर्डेल आणि पश्चिमेला लिंच, दोन्ही सरळ रेषेत ११ किलोमीटरच्या आसपास. मोटारी आणि बरे रस्ते आल्यावर हेच अंतर पंधरा मिनिटांचे झाले, आणि इतक्या जवळजवळ तीन-तीन किराणा दुकाने कुणालाच परवडेनात.

१९३० च्या दशकात मोनोवायमध्ये सुमारे दीडशे माणसे होती. त्याच दशकात मंदी आणि दुष्काळ आले. १६० एकरांवर कुटुंब भागेना. जो टिकला त्याने शेजाऱ्याची जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला, आणि चार कुटुंबांचे काम एकाच कुटुंबाने उरकू लागले. शेती ओस पडली नाही, फक्त तिला माणसे कमी लागू लागली. बाहेरच्यांच्या नजरेतून बहुधा हेच सुटते. १९६७ ते १९७० या काळात पोस्ट आणि उरलीसुरली दुकाने बंद झाली, १९७४ मध्ये शाळा. १९८० मध्ये गावात १८ जण होते, २००० मध्ये एक जोडपे. २००४ मध्ये पती वारला आणि पत्नी एकटी उरली. त्याच्या सुमारे पाच हजार पुस्तकांचे वाचनालय तिने गावातच उभे केले.

महाराष्ट्रात महसूल दप्तरी उजाड गावे असतात, विदर्भात त्यांना रिठी म्हणतात. तिथे नाव आणि शिवार उरते, पण कारभार नसतो. मोनोवायचे नेमके उलटे आहे. नेब्रास्कात नवे गाव अधिकृत व्हायला किमान १०० रहिवासी लागतात, पण एकदा मिळालेला दर्जा माणसे घटली म्हणून आपोआप जात नाही. त्यामुळे सरपंच, कारकून, खजिनदार सगळी पदे त्या एकाच बाईंकडे आली. आपल्या खानावळीच्या दारू परवान्याचा अर्ज त्यांनीच करायचा आणि गावातर्फे मंजुरीही त्यांनीच द्यायची. दरवर्षी रस्त्यांचा आराखडा राज्याला पाठवायचा, नाहीतर चार पथदिव्यांसाठी मिळणारा निधी थांबतो.

आता तो दुसरा माणूस. कायद्याने जनगणना खात्याला कुणाही एका व्यक्तीची माहिती उघड करता येत नाही. एकाच रहिवाशाच्या गावाचा खरा तक्ता छापला, तर वय, वंश, घर सगळे त्या एकाच व्यक्तीचे उघड होते. म्हणून २०२० मध्ये खात्याने छोट्या भागांच्या आकड्यांत गणिती पद्धतीने मुद्दाम थोडा फेरफार मिसळला. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली, गावांची नाही. हजारोंच्या गावात एक-दोनचा फरक कळतही नाही. इथे लोकसंख्या थेट दुप्पट झाली. तेव्हा इतक्या लहान गावाच्या २०१० आणि २०२० च्या आकड्यांची वजाबाकी करून वाढ किंवा घट काढू नये. काउंटीचा आकडा घ्यावा: १९१० मध्ये सुमारे ८,८००, २०२० मध्ये १,८१०.