प्यूट्झ-जेघर्स सिंड्रोममधील गर्भाशयमुखाची एमआरआय तपासणी

प्यूट्झ-जेघर्स सिंड्रोम हा एसटीके११ जनुकातील दोषामुळे होणारा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. आई किंवा वडिलांना तो असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणारे कोंब) आणि ओठांवर, गालांच्या आत, बोटांवर काळसर ठिपके ही त्याची ओळख. ओठांवरचे ठिपके वयात आल्यावर फिके पडतात, गालांच्या आतले बहुधा राहतात. म्हणून तोंड उघडून पाहावे.

या स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील ग्रंथी जठरातल्यासारखा चिकट द्राव करू लागतात. त्यातून लोब्युलर ग्रंथीवाढ (एलईजीएच) होते, आणि काहींमध्ये जठरप्रकारचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींचा कर्करोग. त्याचे फसवे, जवळपास निरोगी दिसणारे रूप म्हणजे अ‍ॅडेनोमा मॅलिग्नम. मुख्य तक्रार म्हणजे पाण्यासारखे भरपूर अंगावरून जाणे. ‘पांढरे जाते’ एवढेच लिहून घेतले की हा फरक तिथेच हरवतो.

धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले, की एकदाच केलेली एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांमागचा विषाणू) चाचणीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटवते. एचपीव्ही चाचणीचे मोल ठरवण्यात मराठवाड्यातल्या गावांचा वाटा असा मोठा आहे. जठरप्रकारचा कर्करोग मात्र एचपीव्हीमुळे होत नाही. तो गर्भाशयमुखाच्या नळीत वर आणि खोल असल्याने पॅप तपासणीतही (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून पाहणे) अनेकदा सुटतो. या सिंड्रोममध्ये ‘एचपीव्ही निगेटिव्ह’ हा दिलासा धरू नये.

तपासणी १.५ टेस्ला यंत्रावर, पेल्व्हिक कॉइल (ओटीपोटावर ठेवायचा संकेत टिपणारा पट्टा) लावून करतात. रुग्णाने ४ ते ६ तास उपाशी असावे, मूत्राशय अर्धवट भरलेले असावे. मंगळसूत्र, जोडवी उतरवावीत. वर्षानुवर्षे बोटात रुतलेल्या जोडव्यांसाठी साबणाचे पाणी आणि थोडा वेळ हाताशी ठेवावा. तांबी बसवलेली असेल तर आधी सांगावे. तिच्यामुळे सहसा तपासणी अडत नाही. आतड्याची हालचाल थांबवायला, काचबिंदूसारखी अडचण नसल्यास, हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ देतात.

सर्वांत महत्त्वाचा टी-२ क्रम (द्राव उजळ दाखवणारी चित्रे): एकदा सॅजिटल, म्हणजे बाजूने उभा छेद, आणि मग गर्भाशयमुखाच्या नळीला काटकोनात तिरका आडवा छेद, जाडी ३ ते ४ मिमी. हा तिरका छेद घाईत गाळला, की गाठ भिंतीत किती खोल गेली हे कळतच नाही. पुढे टी-१, डिफ्युजन (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारी चित्रे; त्यांची तीव्रता ठरवणारे बी मूल्य ८०० ते १०००) आणि गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचे कॉन्ट्रास्ट औषध, किलोमागे ०.१ मिलिमोल. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम सांगणारी रक्तचाचणी) पाहावे.

एलईजीएचमध्ये टी-२ वर कॉसमॉसच्या फुलासारखे चित्र दिसते: मध्ये बारीक दाटीवाटीच्या पुटी (द्रावाने भरलेल्या पिशव्या), भोवती पाकळ्यांसारख्या मोठ्या. नाबोथियन पुटी (गर्भाशयमुखावरच्या नेहमीच्या, निरुपद्रवी) बहुधा वरवरच्या, स्पष्ट कडेच्या आणि विखुरलेल्या असतात. पुटींमध्ये घन भाग, पुसट कडा आणि गर्भाशयमुखाच्या भिंतीचे काळे कडे तुटलेले दिसले, तर कर्करोगाचा संशय घ्यावा. पुटीतला द्राव डिफ्युजनवर चमकतो, पण एडीसी नकाशावरही (डिफ्युजनवरून काढलेले चित्र, ज्यात खरा अडथळा काळा दिसतो) तो उजळच असतो. नुसत्या चमकेवर निदान करू नये. उलट, अ‍ॅडेनोमा मॅलिग्नममध्ये डिफ्युजनचा अडथळा पुरेसा दिसेलच असे नाही. नुकत्याच केलेल्या बायोप्सीचे रक्त टी-१ वर चमकून गोंधळ घालते, म्हणून जमेल तिथे एमआरआय आधी करावा. त्याच चित्रांत अंडाशयही बघावेत. या विकारातल्या अंडाशयाच्या गाठी अनेकदा दोन्हीकडे आणि फार लहान असतात.

एलईजीएच आणि कर्करोग शेजारी शेजारीही असतात. त्यामुळे शेवटचा निकाल ऊतीवरच. वरवरचा तुकडा पुरत नाही, खोल बायोप्सी किंवा कोनायझेशन (गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढणे) लागते. विनंतीपत्रावर ‘प्यूट्झ-जेघर्स’ हे शब्द हवेतच, नाहीतर पॅथॉलॉजिस्ट निरोगी ग्रंथी म्हणून पुढे जाऊ शकतो. छत्रपती संभाजीनगर किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात पाठवताना फिल्मऐवजी सीडी द्यावी. फिल्मवर तिरके छेद नीट वाचता येत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या ‘पिशवी काढण्या’चा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. या सिंड्रोममध्ये तशी घाई दुहेरी महाग पडते: पिशवीचा फक्त वरचा भाग काढला तर गर्भाशयमुख आतच राहते, आणि काढलेली पिशवी तपासणीला गेली नाही तर कर्करोग होता की नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.